दोन बोटं कोरी जागा

पडद्यावर तो हिरवा तुकडा दिसला तेव्हा त्याला आधी काय वाटलं असेल, तर बरं वाटलं. याची त्याला नंतर लाज वाटली, पण झालं ते असं झालं. गुरुवार होता, दुपारचा एक वाजला होता, नगररचना खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर पंखे घरघरत होते आणि शेजारच्या टेबलावरची नवी नियोजनकार मुलगी खुर्चीतून अर्धी उठून म्हणाली, "पट्टीकाका, या ना जरा. तुम्ही डोळ्याच्या रजेवर होतात तेव्हा केलेली गंमत दाखवते." पट्टीकाका हे त्याचं ऑफिसातलं नाव. पोलादी पट्टी हाताशी असल्याशिवाय तो चहाचा कपसुद्धा टेबलावर ठेवत नाही, असं कुणीतरी म्हटलं होतं आणि ते नाव चिकटलं होतं. मोतीबिंदू काढलेला डोळा अजून जरा पाणावत होता. तो डोळा टिपत तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तिने शहराचे चोवीस जुने कागद संगणकावर एकाला एक जोडले होते. चौदा नंबरचा कागद आणि पंधरा नंबरचा कागद जिथे भेटतात तिथे, टेकडीच्या उतारावर, एक लांबुडका पट्टा हिरवा होता आणि त्यावर लिहिलं होतं, उद्यान. "सापडली की नाही जागा?" ती म्हणाली. "सगळे ओरडतात, शहरात श्वास घ्यायला जागा नाही. आणि हा एवढा पट्टा कोरा पडलेला! वरच्या उंच इमारतींना तर अगदी दाराशी बाग." ती मनापासून खूश होती. तो पट्टा म्हणजे छप्पन्न घरं होती, एकशे बारा पायऱ्या होत्या आणि त्यातल्या एका घरात त्याची थोरली बहीण राहत होती. त्या मजल्यावर हे ठाऊक असलेला तो एकटाच होता. आणि पट्टा कोरा राहिला होता तो त्याच्याच हातून.

"वरून काढलेला फोटो बघितलास का?" त्याने विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला नवल वाटलं. "बघितला ना. पत्रे दिसतात थोडे. पण नकाशात एकही घर नाही, म्हणजे तात्पुरत्या शेडच असणार." "हरकती?" "एकही नाही. कोण घेणार? घरंच नाहीत तर नोटिसा कुणाला पाठवणार? उद्या पाचला मुदत संपली की आराखडा मंजुरीला गेला." ती पुढे काहीतरी बोलत राहिली. तो आपल्या टेबलाशी येऊन बसला आणि आतून येणाऱ्या त्या सुटकेच्या भावनेकडे बघत राहिला. आराखडा मंजूर झाला की हिरवं ते हिरवंच राहतं आणि हिरव्यावरची घरं उठतात, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. मग बरं का वाटावं? हळूहळू त्याला कळलं. सव्वीस वर्षं त्या जागेला रंगच नव्हता. कोऱ्या जागेवर कुणी हरकत घेऊ शकत नाही. ती चूक म्हणूनसुद्धा दिसत नाही. आता तिथे रंग आला होता, आणि रंगावर हरकत घेता येते. इतकी वर्षं पोटात काहीतरी दुखतंय आणि एके दिवशी डॉक्टर बोट ठेवून म्हणतो, हे इथे, तसं झालं होतं. आता एकतर उद्या पाचच्या आत बोलायचं, नाहीतर कधीच नाही. तिसरा रस्ता बंद झाला, हेच बरं वाटण्याचं कारण होतं.

तो नोकरीला लागला तेव्हा शहराचा नकाशा हातानेच काढायचे. कागद चोवीस, माणसं चोवीस, प्रत्येकाला एक कागद. दोन कागद जिथे जुळतात त्याला सांधा म्हणत, आणि सांध्याचा नियम अगदी ठरलेला होता. दोघांनीही आपापल्या कडेला दोन बोटं जागा शेवटपर्यंत कोरी सोडायची. सगळं झालं की डावीकडच्या कागदवाल्याने ती आधी भरायची आणि उजवीकडच्याने त्यावरून उतरवून घ्यायची, म्हणजे रस्ते तुटत नाहीत आणि एकच घर दोनदा येत नाही. त्याच्याकडे चौदा नंबर होता. पंधरा नंबर एका डावखुऱ्याकडे होता, त्याला सगळे डावखुराच म्हणत. दोघांचा सांधा आला तो नेमका टेकडीवर, तो जिथे लहानाचा मोठा झाला त्या वस्तीवर. मोजणीवाले वर चढले होते, पण बोळ इतके अरुंद की त्यांची तिपाई उभीच राहीना. ते तसेच खाली आले आणि मोजणीच्या वहीत त्यांनी चार पानं रिकामी ठेवली. तेव्हाचे साहेब दालनाच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "त्या टेकडीवरचं कुणाला ठाऊक आहे का रे? कुणाचे नातेवाईक वगैरे?" त्याच्या आदल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी त्या वस्तीला शहराची खरूज म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. तोही हसला होता. डोळे मिटून तो तिथला प्रत्येक दगड सांगू शकला असता. त्याने पट्टीवरची न दिसणारी धूळ पुसली आणि गप्प बसला. साहेबांनी दोन क्षण वाट पाहिली आणि ते आत निघून गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. माणूस एखाद्या दिवशी घाबरतो, दुसऱ्या दिवशी बोलतो. पण पेन्सिलीच्या रेषांवर शाई चढवायच्या दिवशी डावखुऱ्याने पलीकडून विचारलं, "तुझा सांधा झाला का रे?" आणि तो म्हणाला, "झाला." एकच शब्द. डावखुरा सरळ माणूस. त्याने ती दोन बोटं कोरी जागा तशीच्या तशी, अगदी काळजीपूर्वक, आपल्या कागदावर उतरवून घेतली. नकाशा छापला गेला, भिंतीवर लागला, त्याच्या रेषांचं कौतुक झालं. डावखुरा जाऊन आता चार वर्षं झाली. त्याच्या अंत्ययात्रेत चालतानाही याच्या डोक्यात तोच शब्द घोळत होता.

पुढचं सगळं त्या कोऱ्या जागेतून आपोआप होत गेलं. पाण्याची मोठी वाहिनी टेकडीला वळसा घालून वर गेली, कारण मधे काही नव्हतं. रस्त्यावरचे दिवे पायऱ्यांच्या तोंडाशी संपले. कचऱ्याची गाडी, बस, टपालपेटी, सगळं खालूनच माघारी वळत होतं. वर उंच इमारती झाल्या, त्यांना पोहण्याचे तलाव मिळाले, आणि ताई पायथ्याच्या पंपघराच्या नळावरून पाणी वाहत राहिली. तिने नळासाठी अर्ज केला. म्हणजे ती सांगायची आणि तो लिहायचा, कारण घरात अक्षर त्याचं चांगलं. खात्याच्या तळमजल्यावरचा कारकून अर्ज नकाशावर ठेवून बघायचा आणि उत्तर पाठवायचा. ते उत्तर वाचून दाखवायलाही ताई त्यालाच बोलवायची. "अर्जात नमूद केलेले स्थळ आढळून येत नाही," तो वाचायचा. "म्हणजे काय रे?" ती विचारायची. "म्हणजे पुन्हा अर्ज करू," तो म्हणायचा आणि तिथेच तिच्या पेटीवर कागद ठेवून वळणदार अक्षरात पुन्हा लिहायचा. असे अर्ज किती झाले ते त्याने मोजलं नव्हतं. मोजायची छातीच झाली नव्हती. आई गेल्यावर याच बहिणीने रुग्णालयाच्या धुलाईघरात वाफेने हात भाजून घेत त्याला वाढवलं होतं, कंपासपेटी आणून दिली होती, आणि रेघा मारणारा माणूस साहेब होतो असं सगळ्या वस्तीला सांगत सुटली होती. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, खणातून मोजपट्टीचं रीळ काढून पिशवीत टाकलं आणि जिना उतरला.

टेकडीच्या पायऱ्या चढताना त्याच्या मनात पहिलं वाक्य तयार होतं, पण वर पोचेपर्यंत ते घामाबरोबर वाहून गेलं. ताई दारातच बसली होती. शेजारणीचं बाळ मांडीवर पालथं घालून थोपटत होती.

"आज गुरुवारी कसा काय? डोळा दुखतोय?"

"नाही."

"मग बायकोशी वाजलं?"

"नाही गं. ताई, एक सांगायचंय."

"सांग की. चहा ठेवते, बाळाला धर."

"चहा नको. आधी ऐक."

आणि त्याने सांगितलं. उभ्या उभ्याच, एका दमात, सांधा म्हणजे काय इथपासून हिरव्या रंगापर्यंत सगळं. मधे एकदा ततपप झालं, खरूज हा शब्द आला तेव्हा. तो शब्द त्याला गाळता आला असता, पण आज काही गाळायचं नाही असं त्याने पायऱ्यांवरच ठरवलं होतं. ताईचा थोपटणारा हात थांबला नाही. तो थांबला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

"म्हणजे त्या कागदावर आम्ही नाहीच," ती म्हणाली.

"नाही."

"आणि नळाचे ते अर्ज? तू लिहायचास ते?"

"हो."

"काय उत्तर येणार ते तुला ठाऊक असायचं?"

"हो."

"आणि तरी लिहायचास."

"हो."

"अक्षर मात्र छान काढायचास," ताई म्हणाली. याच्यापेक्षा तिने दोन मुस्काटात मारल्या असत्या तर त्याला परवडलं असतं. मग ती उठली, बाळ शेजारणीच्या हातात दिलं, आत गेली आणि दोन रिकामे डबे आणून तिने त्याच्या पायाशी ठेवले. "पाणी संपलंय. घेऊन ये. मग बोलू."

तो खाली गेला. पंपघराच्या नळाशी बायकांची रांग होती. पाणी न्यायला शर्टपँटमधला, खिशाला पेन लावलेला माणूस पाहून एक म्हणाली, "साहेब, शेपूट इकडे आहे हं." तो शेपटाला उभा राहिला. डबे भरले आणि चढायला लागला. पहिल्या तीस पायऱ्यांपर्यंत त्याच्या डोक्यात नाना विचार होते, ठपका, निवृत्ती, साहेबांचा चेहरा. चाळीसच्या पुढे डोक्यात फक्त गुडघे उरले. साठाव्या पायरीवर त्याने डबे टेकले आणि वर पाहिलं. उंच इमारतीच्या एका गच्चीवर कुणीतरी पाइपने झाडांना पाणी घालत होतं, आणि वाऱ्याने उडालेले तुषार उन्हात चमकत होते. बोटांना कडीचे लाल वळ पडले होते. लहानपणी हेच डबे ताई न्यायची आणि तो मागून रिकाम्या हाताने पायऱ्या मोजत यायचा, तिला आकडा सांगायचा, आणि ती म्हणायची, "मोज, मोज, मोजणारा पण लागतो." तो दारात पोचला तेव्हा ताईने डबे पिंपात ओतले आणि पुन्हा पुढे केले. तो पुन्हा खाली गेला. दुसऱ्या खेपेला तो दर दहा पायऱ्यांवर डबे टेकत आला. तिसऱ्या खेपेला तर रांगेतल्या बायकांनी त्याला पुढे घेतलं. तिसरे डबे ओतल्यावर ताई म्हणाली, "बस कर, मरशील." आणि त्याच्या हातात चहाचा कप दिला. त्याचे हात इतके कापत होते की कप बशीवर वाजायला लागला. तो वाजतोय हे पाहून ताईला एकदम हसू फुटलं, आणि ती हसते आहे हे पाहून त्याला रडू आलं. दोघांनीही एकमेकांकडे न बघता चहा संपवला.

"आता सांग," ती म्हणाली. "उद्या पाचच्या आत काय काय लागेल?"

"इथला नकाशा. तुमच्या सगळ्यांची हरकत, सह्यांनिशी. आणि माझं एक लिहून दिलेलं."

"तुझं कशाला?"

"की चूक माझी आहे. त्याशिवाय विचारतील, इतकी वर्षं घरं कुठे होती?"

"नोकरी जाईल?"

"निवृत्तीला पाच महिने तर राहिलेत. ठपका मात्र येईल."

"येऊ दे," ताई म्हणाली, क्षणाचाही विचार न करता. त्याला कुणीतरी पाठीवर हात फिरवावा तसं वाटलं.

जमिनीवर कागद पसरून त्याने तिथेच भराभरा काढायला घेतलं. डोळे मिटून सांगता येईल असं त्याला नेहमी वाटायचं ना, तसं. दोनतीन बोळ झाल्यावर ताईने वाकून पाहिलं. "हे कुठलं काढतोयस? इथे भिंत कुठे आहे? ती तर कधीच पडली. आणि पायऱ्या इथून वळत नाहीत आता, न्हाव्याच्या दुकानापासून वळतात. हे सगळं आईच्या वेळचं आहे." तो पेन्सिल हातात धरून तसाच राहिला. दर महिन्या दोन महिन्यांनी तो इथे येत होता, फळं घेऊन येत होता, आणि मान खाली घालून चढत होता. त्याने ही वस्ती पाहिलीच नव्हती. त्याच्या मनात होती ती वेगळीच होती, लहानपणीची, आणि त्याची शरम त्या जुन्या वस्तीचीच होती. "ऊठ," ताई म्हणाली. "मापून काढ."

मग रिळाचं शून्याचं टोक ताईने धरलं आणि दुसरं त्याने. प्रत्येक बोळात ती टोक भिंतीला टेकवून उभी राहायची आणि ओरडायची, "धरलं!" लोक दारात यायला लागले. काय चाललंय म्हणून कुणी विचारलं की ताई म्हणायची, "माझा भाऊ आपल्याला कागदावर घेतोय. सव्वीस वर्षं उशीर केलाय त्याने, पण घेतोय." उशीर का झाला तेही ती प्रत्येकाला खुलासेवार सांगायची, त्याच्यासमोरच. काही जणांनी त्याला ऐकू जाईल असं सुनावलं. एक म्हातारा त्याच्याकडे बघून थुंकला आणि तरी टेप धरायला पुढे आला. न्हावी म्हणाला, "माझं दुकान जरा मोठं काढा, पुढे वाढवायचंय." "आहे तेवढंच येईल," तो म्हणाला, आणि हे वाक्य बोलताना त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने ते पुढच्या दारी उगाचच पुन्हा म्हटलं. उजेड होता तोवर चाळीस घरं झाली. उरलेली सोळा सकाळी सहाला सुरू करून आटपली, तोवर ताईने सह्याही गोळा केल्या होत्या.

शुक्रवारी त्याने संगणकाला हात लावला नाही. आपल्या जुन्या तिरक्या टेबलावर पारदर्शक कागद ताणला, शाईचं पेन साफ केलं आणि ती दोन बोटं जागा भरायला घेतली. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला रेषा लख्ख दिसत होत्या. दुपारी नियोजनकार मुलगी डबा खाऊन हात पुसत आली आणि त्याच्या खांद्यावरून पाहत थबकली.

"काका, ही कसली घरं?"

"तुझ्या बागेतली. छप्पन्न आहेत."

तिचा चेहरा पडला. "मी माणसांवर बाग ठेवली?"

"तू कोऱ्या जागेवर ठेवलीस. कोरी मी ठेवली होती." त्याने तिला थोडक्यात सांगितलं. कालच्या मानाने हे सांगणं सोपं गेलं, हेही त्याच्या लक्षात आलं. तिने वाकून एकेक घर नजरेने मोजलं. मग म्हणाली, "पण बाग तर शहराला हवीच आहे हो." "हवीच आहे. त्या उंच इमारतींच्या मागे गाड्या लावायला राखलेली जागा बघ. ती याच्या दुप्पट आहे." ती आपल्या खुर्चीकडे गेली आणि पडद्यावर ती जागा शोधायला लागली.

साहेबांनी नकाशा पाहिला, हरकत पाहिली आणि त्याचा जबाब दोनदा वाचला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पट्टीकाका, इथे फक्त नजरचूक असं लिहा. मी सही करतो, प्रकरण मिटलं. तुमची सेवेची वही इतकी स्वच्छ आहे, शेवटी कशाला डाग?" पेन पुढे केलेलं होतं. साडेचार वाजून गेले होते. मोह झाला नाही असं म्हणता येणार नाही. एक शब्द तर बदलायचा होता, आणि कसंही लिहिलं तरी घरं वाचतच होती. पण एका शब्दानेच सगळं झालं होतं, हे त्याला आठवलं. तो म्हणाला, "नजर चांगली होती साहेब. मला लाज वाटली होती, ते लिहिलंय तेच राहू दे." साहेबांनी सुस्कारा सोडला, कपाळ चोळलं आणि शेरा लिहिला. पट्ट्यावरची बाग आराखड्यातून वगळावी, नव्याने मोजणी व्हावी, कर्मचाऱ्याकडून खुलासा घ्यावा. पाचला दहा कमी असताना तळमजल्यावरच्या खिडकीत शिक्का बसला. त्याचा आवाज ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. वर आला तेव्हा मुलीने हिरवा रंग काढून टाकला होता आणि ती त्याचीच वाट पाहत थांबली होती. "पहिलं घर कुठलं घेऊ?" तिने विचारलं. "खालून घे," तो म्हणाला. "पायरीपासून."

शनिवारी सकाळी तो नकाशाची प्रत घेऊन ताईकडे गेला. कागदावर एकही खाडाखोड नव्हती, पण तिला त्याचं काही नव्हतं. चष्मा लावून तिने आधी न्हाव्याचं दुकान शोधलं, मग पायऱ्या धरून बोटाने वर आली आणि आपल्या घरावर थांबली. घर नखाएवढं होतं. ती बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसली.

"आता नळ येईल?" तिने विचारलं.

"अर्ज करावा लागेल. पण आता जागा सापडेल. वर्ष तरी जाईल."

"तूच लिही अर्ज. अक्षर छान आहे." या वेळी ती हे गमतीने म्हणाली होती. मग तिने कागद जरा लांब धरला. "आणि तुझं घर कुठे रे? तू राहतोस ते?"

त्याने चौदा नंबरच्या बाजूला, पायथ्याच्या रस्त्यापलीकडे, आपल्या इमारतीचा चौकोन दाखवला. ताईने वाफेने खडबडीत झालेली आपली बोटं एकाशेजारी एक कागदावर टेकवली, त्याच्या घरापासून तिच्या घरापर्यंत. एक, दोन, तीन, चार. तिने पुन्हा एकदा टेकवून पाहिली, मोजण्यात चूक नको म्हणून.

"चारच बोटं?" ती म्हणाली. "मला वाटायचं तू केवढा लांब राहतोस."

ताईने कागदाची नीट घडी घातली, पेटीत ठेवली आणि कोपऱ्यातले दोन रिकामे डबे त्याच्याकडे सरकवले.

"मग नळ येईपर्यंत रोज येत जा," ती म्हणाली.

त्याने डबे उचलले आणि मान वर करून पायऱ्या उतरायला लागला.